वन्सं, सायकलपायी मी शपथ मोडली

वन्सं,

अर्धं सांगून उठायची तुमची खोड शेवटपर्यंत गेली नाही. त्या मंगळवारी कुंभारीहून आलात, सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं, चपला काढल्या आणि म्हणालात, "इंदे, आज काय गंमत झाली माहितीय? थांब, आधी पाणी दे." मी तांब्या-भांडं घेऊन बाहेर आले तर तुम्ही खांबाला टेकून बसलेल्या, डोळे मिटलेले. मला वाटलं, रंगवून सांगायची तयारी चाललीय. मी समोर पाट मांडून बसलेसुद्धा. बराच वेळ बसले. वेड्यासारखी वाट बघत बसले की, गंमत ऐकायची म्हणून.

आज सतरा दिवस झाले. कुंभारीत काय झालं ते मला कळलेलं नाही, आणि आता कळायचंही नाही. माणसानं मरावं, त्याला माझी ना नाही. पण वाक्य पुरं करून मरावं.

तुमच्यामागं भेटायला कोण कोण आलं सांगू? सोलापूरचा निम्मा पूर्व भाग आला. विणकरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या. मला त्यातली चार तोंडंसुद्धा माहीत नव्हती. बाया दारात टेकायच्या, तेलुगूत काहीतरी म्हणायच्या, मग मला कळत नाही हे लक्षात आलं की पदर सारून दंड दाखवायच्या. बाप्ये सदऱ्याची बाही वर करायचे. सगळ्यांच्या दंडावर तुम्ही टोचून काढलेल्या देवीचे गोल व्रण. एका पंचविशीतल्या पोरानं तर दंड दाखवून वर तक्रारही केली, की सूदम्मानं मला मागाच्या खड्ड्यातनं पायाला धरून ओढून काढलं होतं. सूदी म्हणजे सुई, म्हणून तुम्ही सूदम्मा. तीस वर्षं नगरपालिकेची सुई घेऊन सायकलवर हिंडलात आणि घरी कधी हे नाव सांगितलं नाहीत. मला ते तुमच्या मरणानंतर कळावं, हा काय न्याय झाला?

घंटीचं मात्र सांगितलं होतंत. घंटी वाजली की पोरं मागाखाली, रांजणामागं, माळ्यावर पसार व्हायची, म्हणून तुम्ही घंटीच काढून टाकलीत. त्यावर तुमचे भाऊ, तेव्हा हयात होते, म्हणाले होते, "अक्का, मग माणसांनी बाजूला कसं व्हायचं?" तुम्ही म्हणालात, "सायकलवर बाई बघितली की आपोआप होतात." आता भिंतीभिंतीवर पाट्या रंगवल्यात, देवीचा रोगी दाखवा आणि इनाम मिळवा. त्या वाचून तुम्ही काय चिडला होता! तीस वर्षं मी दाखवत होते तेव्हा कुणी फुटाणा दिला नाही, म्हणालात.

मी या घरात आले ती चौदा वर्षांची, करमाळ्याकडची, नाकात नथ आणि नाकाला शेंडा. तुम्ही एकवीस वर्षांच्या, नवरा जाऊन माहेरी परतलेल्या, आणि नऊवारीचा काष्टा घालून सायकलवर बसणाऱ्या. पहिल्या दिवशी तुम्हाला फाटकातनं सायकलवर जाताना बघितलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझं नशीब फुटलं म्हणून! माहेरच्यांनी विचारलं, नणंद काय करते, तर मी सांगायची, दवाखान्यात असते. कशी जाते? टांग्यानं. किती खोटं बोलावं माणसानं! आणि ती मिशनच्या नर्सबाईंकडून घेतलेली बिनदांडीची काळी सायकल ओसरीवर दिसली की शेजारणींना म्हणायची, आमच्या ह्यांची आहे. बिनदांडीची! शेजारणी काय आंधळ्या होत्या?

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला माझी आई येणार होती. तिनं तुम्हाला सायकलवर बघू नये म्हणून आदल्या दिवशी मी तुमच्या मागच्या चाकाची हवा सोडली, आणि हवा राहू नये म्हणून तोंडाची रबरी व्हॉलट्यूब काढून चुलीत टाकली. नुसत्या वासानं घर भरलं. तुम्ही सकाळी सुईची पेटी लावलीत, चाक बघितलंत. सायकल हातात धरून पार मिलच्या चाळींपर्यंत चालत गेलात आणि चालत आलात. माझी आई तीन वाजताच निघून गेली होती. तुम्ही उन्हातनं लालबुंद होऊन आलात, नवी व्हॉलट्यूब बसवलीत आणि पंप माझ्यापुढं ठेवलात. "भर." एवढंच. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं? सत्तेचाळीस वर्षं मी विचारायचं टाळलं. आता विचारते, तर उत्तर द्यायला तुम्ही नाही.

हवा भरता भरता माझे हात भरून आले, पण चाक कडक होत गेलं तसं मला बरं वाटायला लागलं. आपल्या हातानं काहीतरी टणक झालं, असं. चुलीवर एवढ्या वर्षांत तसं कधी वाटलं नाही. मग मी मागं लागले, मला शिकवा. तुमची अट होती: ज्या बाईला पंक्चर काढता येत नाही तिनं सीटवर बसायचं नाही. तुम्ही माझ्यापुरती अट थोडी सैल केलीत, आधी बसायला शिकवलंत, म्हणालात उतरायचं पंक्चर काढल्यावर शिकवीन. दुपारी गल्ली झोपली की मागच्या मैदानात तुम्ही सीट धरून पळायचात. चौथ्या दिवशी मी एकटी निघाले. वन्सं, तो वारा! घामेजलेल्या मानेवर वारा लागतो म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पंख्याचा नाही, पंख्याचा वारा आपल्याकडं येतो. हा आपण जाऊन आणलेला. मी मैदान संपवलं, पलीकडं कडब्याची गंज होती, तीत घुसले. उतरायला कुठं येत होतं? पुढं रोज तसंच. कडबा, कुणाचं वाळत घातलेलं लुगडं, एकदा एक म्हैस. म्हशीनं मनावर घेतलं नाही.

आणि पंक्चर काढायचा मला कंटाळा. ते रॉकेल, ते सोल्यूशन, ट्यूब घासत बसायची, चिकटवण्याआधी वाळेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसायचं आणि मी? इस्माईलच्या दुकानातनं पंक्चर काढवून आणलं आणि तुम्हाला सांगितलं, मी काढलं. तुम्ही ट्यूब हातात घेतलीत, ठिगळावरनं बोट फिरवलंत. "पहिलंच ठिगळ आणि इतकं गोल? नवशिकी बाई चौकोनी कापते. कोपरा सुटला की मग गोल कापायची अक्कल येते." मी खाली बघितलं. तुम्ही म्हणालात, स्वतः काढशील त्या दिवशी उतरायला शिकवते. मीही मानी. नको शिकवू जा, म्हटलं मनात. झालं! दर रविवारी तुम्ही अंगणात सायकल उलटी मांडून, चेन रॉकेलच्या ताटलीत सोडून, तारा एकेक पुसत ओरडायचात, "इंदे, ट्यूब काढू?" मी आतनं म्हणायची, भांडी पडलीत. अख्खा जन्म भांडी पडली. चढायला येतं आणि उतरायला येत नाही अशी सोलापुरात मी एकटीच बाई असेन.

मग माझं गाव म्हणजे मंडई, देऊळ आणि दारातला ओटा. बाकीचं सोलापूर तुम्ही संध्याकाळी आणून द्यायचात. मिलचा भोंगा झाला की तुम्ही यायचात, भाकरी थापताना माझ्यासमोर बसायचात आणि कोपऱ्यावरच्या पिंपळापासनं सुरू करायचात. कुठल्या गल्लीत चादरीचा कुठला नवा रंग वाळत होता, तळ्याच्या काठानं वारं कुठल्या अंगाचं होतं, पुलाचा उतार लागल्यावर पाय सोडून दिले तर पार कुठपर्यंत सायकल गेली. कुणाची सून पळाली. कुणाचा माग बंद पडला. पेन्शनीत निघालात तरी हिंडणं सुटलं नाही. ताजी ज्वारी आणायच्या निमित्तानं कुंभारी, कुणाचं बाळ बघायच्या निमित्तानं पार नई जिंदगीच्या वस्तीपर्यंत. मला शेंगाची चटणी कुटत सगळं दिसायचं. तुमच्यापेक्षा जास्त दिसायचं म्हणा की, कारण मी मध्ये प्रश्न विचारायची आणि तुम्ही चिडायचात.

मग अशोकची गाडी आली. माझा लेक सुताच्या व्यापारात वर आला, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, आणि गाडी आत यावी म्हणून त्यानं फाटक रुंद केलं. त्यात ओटा गेला. माझी तुळस डब्यात गेली. गाडी आली आणि मग ती झाकून ठेवायला आच्छादन आलं, धुवायला माणूस आला, पेट्रोल महागलं म्हणून ती रविवारीच निघायला लागली. पहिल्या रविवारी आपण सगळे देवळाला निघालो आणि चौकात तुम्ही दार उघडून उतरलात. तिथं कुणी विणकरीण दिसली होती म्हणे, तिच्याशी बोलायचं होतं. मागनं टांगेवाला ओरडतोय, अशोक लाल झालेला. तुम्ही त्याला म्हणालात, "सोलापूर केवढं आणि तुझी गाडी केवढी! नीट बसेपर्यंत गाव संपतं." तो दुखावला, वन्सं. तुम्हाला दिसलं नाही, मला दिसलं. त्याला आत्याला गाडीतनं मिरवायचं होतं. यावर तुमचं आणि माझं भांडण व्हायचं होतं, ते राहिलंच. पोरानं हौसेनं दिलेला एक लाडू तोंडात टाकला असता तर काय बिघडलं असतं?

आता शपथेचं बोलते.

दोन महिन्यांपूर्वी तुम्ही पुलाच्या चढावर उतरून सायकल ढकलायला लागलात. डॉक्टरांनी काळीज थकलंय म्हणून सांगितलं, चढ बंद, ऊन बंद. तुम्ही घरी येऊन मला डब्यातल्या तुळशीवर हात ठेवायला लावलात. अशोकला सांगायचं नाही. "त्यानं ऐकलं की मला गाडीत घालून हिंडवील नाहीतर कॉटवर बसवील. दोन्ही एकच." मी हात ठेवला. लगेच ठेवला. तुम्हाला वाटलं असेल, काय निष्ठेची वहिनी!

तुम्ही गेलात त्याच रात्रीच्या आत अशोकनं निकाल देऊन टाकला: सायकलनं आत्याला मारलं. भर उन्हात कुंभारीला जाऊन आली, दुसरं काय होणार. जो येईल त्याला हेच. सायकल कुलूप घालून कोपऱ्यात लोटली. तेरावा झाला की भंगारवाला न्यायला येणार. मी म्हटलं, निदान कुणाला दे तरी. म्हणाला, दुसऱ्याच्या घरी कशाला असलं पाठवायचं. आणि माझ्या नातीची, नंदाची, सायकल बंद. सकाळी कॉलेजला तीच न्यायची ना तुमची सायकल, आणि दुपारी ती तुमची. बारा वर्षांची असताना तिनं मुकाट पंक्चर काढलं आणि उतरायलाही शिकली, आजीवर गेली नाही पोरगी. आता बाप म्हणतो, मी गाडीतनं सोडीन, मला वेळ नसेल त्या दिवशी घरी बस. त्याला वेळ नसतोच. चार दिवस पोरगी पुस्तकं छातीशी धरून फाटकात उभी राहिली आणि परत आत आली.

मी गप्प. तीस माणसांपुढं गप्प. इस्माईल भेटायला आला, म्हातारा झालाय आता, ओसरीवर बसून अशोकला सांगायला लागला, "मैं बोल्या था अम्मा कू, पुल पे उतर जाओ करके. दो म्हैनेसे सीट बी नीचे करा लेको..." मी एवढ्या जोरात खोकले की त्याला पाणी आणायला नंदा धावली. बिचाऱ्याला वाटलं मी रडतेय. विषय बदलला. मी तेरा दिवस खोकत होते, वन्सं. तुमची शपथ पाळत होते असं मनाला सांगत होते.

तेराव्याची माणसं गेली, ताटं घासून झाली, उन्हं कलली. मी कोपऱ्यात जाऊन सायकलला हात लावला तर मागचं चाक बसलेलं. उद्या ही भंगारात जाणार आणि जाताना सुद्धा लंगडत जाणार, हे मला बघवेना. सायकल उलटी मांडली. उलथन्यानं टायर सोडवला, ट्यूब बादलीत बुडवली. किती वेळ फिरवली तरी काही दिसेना, आणि मग एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ लागली. मला इतका आनंद झाला की सुतकातल्या घरात हसू फुटलं. घासलं, सोल्यूशन लावलं, गप्प बसले. होय, गप्प. ठिगळ चौकोनी कापलं. कोपरा सुटला. काढून दुसरं कापलं. हात कोपरापर्यंत काळे, लुगड्याला रॉकेल, आणि मी म्हातारी फतकल मारून बसलेली, तेवढ्यात अशोक बाहेर आला.

"आई, हे काय मांडलंयस?"

"पंक्चर."

"भंगारवाल्याला पंक्चर झालेली चालते." मग जवळ येऊन, हळू आवाजात, "आत्याला मारलं हिनं. तू हिला कुरवाळत बसलीयस."

ट्यूब हातात होती म्हणून असेल, जीभ सुटली. म्हटलं, सायकलनं नाही रे मारलं. काळीज थकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला ठाऊक होतं आणि दोन महिने मलाही ठाऊक होतं.

तो तिथं पायरीवर बसला. गाडी समोर उभी, आच्छादन घातलेली. तिच्याकडं बघत म्हणाला, "मी रोज नेलं असतं तिला. मला का नाही सांगितलंस?"

शपथ, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. तुमच्यावर ढकलून मोकळी झाले असते, तुम्ही काय भांडायला येणार नव्हता. पण ते खरं नव्हतं. शपथ मी एरवी किती मोडल्यात ते देवाला विचारा. खरं कारण मला त्या तेरा दिवसांत पुरतं कळलं होतं.

"तू तिला घरात बसवलं असतंस," मी म्हटलं. "मग संध्याकाळी मला गाव कुणी सांगितलं असतं?"

"म्हणजे तुला गोष्टी ऐकायच्या होत्या म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं. करमाळ्याचं व्हय निघालं तोंडातनं, कधी नव्हे ते.

वन्सं, रागावू नका. नाहीतर रागवाच. तुम्हाला बसवून ठेवलं असतं तर आणखी वर्षभर जगला असता? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. तुम्ही कॉटवर बसून माझ्याशी रोज भांडला असता आणि मला तीही चंगळ वाटली असती, हे मला आता कळतंय. पण तेव्हा मी तुमच्या पायांवर माझं हिंडणं हिंडत होते, आणि ते पाय थकलेत हे कळूनही तुम्हाला "आज नका जाऊ" म्हटलं नाही. एकदाही नाही. उलट त्या मंगळवारी मीच म्हटलं होतं, ज्वारी संपत आलीय.

अशोक उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला तर त्यानं त्याला रद्दी दिली आणि परत पाठवलं. नंदानं विचारलं, बाबा, नेऊ? त्यानं, ने, अशी मान हलवली. पण माझ्याशी बोलणं बंद. ताट मी वाढायचं, त्यानं मुकाट जेवायचं. तीन दिवस. त्याचा राग बरोबर आहे, म्हणून जास्त जड जातो.

आणि ज्या गावासाठी हे सगळं केलं ते तरी मिळावं? नंदा संध्याकाळी येते. मी पाट मांडून बसते. काय झालं गं आज? "काही नाही." तळ्यावरनं आलीस? "आले." वारं कसं होतं? "वाऱ्यासारखं." वन्सं, ही पोरगी अख्खं शहर तुडवून येते आणि दोन शब्दांत गुंडाळून खुंटीला टांगते! तुम्ही तिला पंक्चर शिकवलंत, ब्रेक शिकवले, सांगायला का नाही शिकवलंत?

काल संध्याकाळी माझा संताप झाला. म्हटलं, राहू दे तुझं सांगणं, उद्या मला मागं बसव. ती हसायला लागली. मग माझ्याकडं बघून थांबली.

आज सकाळी तिनं कॅरिअरवर सतरंजीची घडी बांधली. मी पदर खोचला, एका अंगानं बसले. बासष्ट वर्षांची विधवा बाई, सुतक फिटून चार दिवस नाही झाले, शेजारच्या तिन्ही खिडक्या उघड्या. चौदा वर्षांची मी असते तर मला बघून रडत स्वयंपाकघरात पळाले असते. नंदानं पॅडल मारलं, सायकल डुगडुगली, मी ओरडले. अशोक फाटकाशी गाडी पुसत उभा होता. त्यानं फडकं टाकलं, चार पावलं धावत आला, सायकल सावरेपर्यंत माझ्या पाठीला हात लावून चालला. रुंद केलेल्या त्या फाटकातनं आम्ही तिघं एकदम बाहेर पडलो.

"घट्ट धर, आई," तो म्हणाला, आणि हात काढला.